ओतोरचा डावा पाय

१७ फेब्रुवारी

ही वही माझ्या लेकीची. मेरिम नर्सिंग शिकत होती तेव्हाची. पुढच्या अर्ध्या भागात तिने हृदयाचे कप्पे काढलेत, मागचा अर्धा कोरा होता, तो मी धरला. आज जेवताना मी नाटकाबद्दल बोलायला लागलो तर बायको म्हणाली, "अहो, तीस वर्षं तुमची मतं ऐकतेय. तोंडपाठ झालीत मला. आता लिहून ठेवा, म्हणजे मी मेल्यावर पुढचीला वाचून दाखवता येतील." सालकिनने इतक्या प्रेमाने सांगितल्यावर माणूस लिहिणार नाही तर काय करेल?

तर मी बेइशेन, ताश-केपे गावचा बूट शिवणारा, वय सत्तावन्न. पण खोऱ्यात या नावाने मला फारसं कोणी ओळखत नाही. मला ओतोर म्हणतात. नौरूझला, म्हणजे मार्चमधल्या आमच्या नववर्षाच्या सणाला, गावात दरवर्षी बाइतुरची गोष्ट नाटकात करतात. शत्रूची फौज येते, आमचा वीर बाइतुर एकटा खिंड अडवून उभा राहतो, आणि त्याचा चुलतभाऊ ओतोर गुरंढोरं हाकत डोंगरापलीकडे पळून जातो. बाइतुर पडतो, गाव रडतं. तो पळपुटा ओतोर गेली तीस वर्षं मी करतो.

माझं मत असं की आपल्याकडच्या वीरांना करायला काही नसतंच. बाइतुर छाती पुढे काढतो, दोनदा 'मातृभूमी' म्हणतो आणि पडतो. हे काम शाळेतला कसरतीचा मास्तरसुद्धा करू शकतो, आणि तोच करतो. शाहीर गायला बसले की घोड्याच्या शेपटीला पाऊण तास आणि वीराच्या मनात काय चाललंय त्याला अर्धी ओळ. दुष्टाला मात्र सगळं देतात. नाक मोठं, डोळा तिरका, हसणं सात मजली. टीव्हीवरच्या मालिकेतही आधी नाक येतं, मग माणूस येतो.

माझ्या ओतोरलाही नाक आहे, कणकेचं. पण माझी खरी कमाई डाव्या पायात आहे. ओतोर लंगडतो. काठी टेकत, डावा पाय मागून पोत्यासारखा ओढत मी आलो की सभागृहात पोरं बाकांवर उभी राहतात. "आला रे आला, लंगडा आला!" नौरूझनंतर आठवडाभर खोऱ्यातली पोरं रस्त्याने तसंच चालतात. कुठल्या नटाच्या नशिबी एवढं येतं?

२१ फेब्रुवारी

आज पहिली तालीम. संस्कृती भवनातली शेगडी धूर ओकत होती. झूराबाई, म्हणजे आमच्या भवनाच्या प्रमुख, मफलर गुंडाळून समोर बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं, बाइतुरमध्ये एकही दोष दिसता कामा नये. मास्तरला त्यांनी खोकूही दिलं नाही. "वीर खोकत नाहीत, मास्तर!"

मास्तर बिचारा भला माणूस. पाठांतर मात्र शून्य. गडबडला की त्याच्या तोंडून शाळेतलं काहीतरी निघतं. आज शत्रू दिसला तेव्हा 'हे खिंडीच्या दगडांनो' म्हणायचं सोडून तो म्हणाला, "रांगेत उभे राहा!" सहलीला गेला की बसमध्ये चढताना, उतरताना, पाणी पिताना तो एकच ओरडतो, "पोरं मोजून घ्या!" त्याच्या बायकोने सांगितलं की तो झोपेतही मोजतो.

सालकिनला वेगळीच काळजी. नाटकानंतरच्या मेजवानीत आमच्याकडे मांस वयाप्रमाणे वाटतात, मोठ्या माणसाला मोठं हाड. पण नटांना भूमिकेप्रमाणे देतात, ही ताश-केपेची जुनी चेष्टा, आता तिची रीत झाली आहे. बाइतुरला कमरेचं हाड, मांसाने भरलेलं. ओतोरला पुढच्या पायाची खालची नळी, जी एरवी घरातल्या पोरांना चोखायला देतात. तीस वर्षं मी नळी चोखतोय. सालकिन म्हणते, "उद्या लेकीला मागणी आली आणि व्याही शेजारी बसले, तर त्यांना काय वाटेल? हे घरचे यजमान, आणि ताटात नळी?"

मी म्हटलं, "कलेसाठी माणूस काय काय चोखतो."

२५ फेब्रुवारी

दुकानात एक अनोळखी माणूस आला. साठीचा, मिशा नीट कापलेल्या, अंगात मेंढीच्या कातड्याचा चांगला कोट. ओसमोनाली नाव सांगितलं. लोकरीचा धंदा आहे, "वरच्या बाजूला" राहतो म्हणाला. घडी घातलेला कागद पुढे केला. त्यावर पेन्सिलीने दोन पावलं आखलेली, शेजारी मापं लिहिलेली.

"एका तरुणाचे बूट करायचेत, उस्ताद. डावा पाय दोन बोटं आखूड आहे. घोड्यावरून पडला लहानपणी. बाहेरून दिसता कामा नये आणि चालताना कळता कामा नये."

असलं काम वर्षांतून एखादं येतं. तळाला नुसता जाड थर लावला तर बूट दगडासारखा जड होतो आणि लांबून ओळखू येतो. आत नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, थर द्यायचे, टाचेकडे जाड, बोटांकडे उतरते, आणि वरचं कातडं तेवढंच उंच कापायचं. मला हुरूपच आला. मी म्हटलं, "त्याला घेऊनच या ना, चाल बघू दे."

"तो नाही येणार इथे," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "कामात असतो."

चहा घेताना त्याने भिंतीवरचा माझा फोटो पाहिला, ओतोरच्या वेषातला, कणकेच्या नाकाचा. बराच वेळ पाहिला. चाहता दिसतोय.

२ मार्च

मेरिम तालुक्याच्या दवाखान्यातून सुट्टीला आली. येताना माझ्यासाठी गुडघ्याचं मलम आणलं. मी म्हटलं, गुडघा नाही दुखत, पाय ओढून ओढून कंबर दुखते. ती हसली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "बाबा, या वर्षी लंगडू नका ना."

"म्हणजे?"

"ओतोर करा. पळून जा, भित्रेपणा करा, काय हवं ते करा. फक्त लंगडू नका."

"का पण?"

तिने आईकडे पाहिलं. आईने किटलीकडे पाहिलं. "मी सांगू शकत नाही. कोणाला तरी शब्द दिलाय," मेरिम म्हणाली.

मला कळलं काय ते. तालुक्याला राहून पोरगी नाजूक झाली. तिच्या मैत्रिणी मोबाइलवर गोरेगोमटे नट बघतात, त्यांना बापाचं कणकेचं नाक आणि फरफटणारा पाय गावंढळ वाटत असणार. मी म्हटलं, "बाळा, लंगडणं काढलं तर ओतोर म्हणून उरतं काय? नाक?" ती भाकरी तशीच ठेवून उठली. मलाच पुढे भाकरी गोड लागेना.

५ मार्च

ओसमोनाली पुन्हा आला, नमद्याचे थर बघायला. कळबुतावर, म्हणजे लाकडी साच्यावर, चढवलेला बूट हातात घेऊन त्याने आतून बोट फिरवलं, जसं कोणी झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवावं. मग एकदम विचारलं, "उस्ताद, ओतोर लंगडा होता हे गोष्टीत कुठे येतं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे."

"तुम्ही करायला लागायच्या आधीही ठाऊक होतं?"

मी आरी शोधायला खाली वाकलो. आरी हातातच होती.

इथे वहीत खरं लिहितो, वही काही चुगली करत नाही. गोष्टीत कुठेही येत नाही. तीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रयोगाला मी स्वतःसाठी नवे बूट शिवले होते. घाईत डावा एक बोट लहान झाला. बूट शिवणाऱ्यालाच बूट चावला! मंचावर पाऊल टाकलं आणि ब्रह्मांड आठवलं, मी लंगडायला लागलो. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून ओतोर लंगडा आहे. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक असतं, बाकीच्यांनी त्याचा इतिहास केला.

हा माणूस लोकरवाला नाही. लोककथा गोळा करणारे विद्यापीठातले लोक असे वेष पालटून हिंडतात म्हणे. जपून बोललं पाहिजे.

८ मार्च

महिला दिन. सालकिनला ट्यूलिप दिले, मेरिमलाही दिले. तिच्याकडे आधीच एक गुच्छ होता, माझ्यापेक्षा मोठा. विचारलं तर कान लाल. मग सालकिननेच तोंड उघडलं. मुलगा आहे. एर्मेक नाव. तालुक्यालाच गुरांचा डॉक्टर. नौरूझच्या दिवशी त्याच्या घरचे येणार, सकाळी नाटक बघणार आणि दुपारी मेरिमच्या कानात कानातली घालणार. म्हणजे ठरलंच!

मी उठून नाचलो. खरंच नाचलो, दोन्ही पायांनी. मग विचारलं, कुठले?

"तेर्स-सूचे," सालकिन म्हणाली.

मी बसलो. तेर्स-सू म्हणजे खिंडीपलीकडचं खोरं. तिथले लोक ओतोरचे वंशज. सात पिढ्या मोजायला लागले की ओतोरचं नाव छाती फुगवून घेतात. त्यांच्याकडे म्हणे हीच गोष्ट उलटी सांगतात. त्यांचा ओतोर देवमाणूस, आणि आमचा बाइतुर अख्खी घोडी खाऊन ढेकर देत झोपलेला. आमच्या वीराला खादाड म्हणणारे लोक कसले असतील? पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे दोन्हीकडे सारखंच.

आता कळलं पोरगी पाय का काढायला सांगते. सासरच्यांची मर्जी राखायची आहे!

१२ मार्च

आज तह करायचा प्रयत्न केला. मी मेरिमला फोन करून म्हटलं, "हे बघ, व्याह्यांच्या मानासाठी मी नाक काढतो. तिरका डोळाही काढतो. ते शेळीसारखं हसतो ना, तेही नाही हसत."

"आणि पाय?"

"पाय राहू दे गं. माझी सगळी कला त्या पायात आहे. लोक त्यासाठी दोन-दोन तास घोड्यावरून येतात."

ती म्हणाली, "बाबा, नाक ठेवा. दोन नाकं लावा. मला नाकाचं काही नाही."

"मग तेर्स-सूवाल्यांना पायाचंच काय एवढं?"

"तुम्ही लंगडणार असाल तर मी त्यांना सांगते, त्या दिवशी येऊ नका. कानातली पण नकोत. मी त्याला तिथे बसवणार नाही." आणि फोन ठेवला.

त्याला. त्यांना नव्हे, त्याला. जावई फारच हळवा दिसतोय. पणज्याच्या पणज्याची एवढी कळ! मी सालकिनला म्हटलं, असल्या पातळ कातडीच्या मुलाचा निभाव कसा लागायचा? ती पीठ मळत होती. म्हणाली, "तुम्हाला कातडं कळतं, पण फक्त बकऱ्याचं." आणि कणीक अशी आपटली की मी दुकानात निघून आलो.

१५ मार्च

बूट झाले. असे बूट मी आयुष्यात केले नाहीत. शेजारी शेजारी ठेवले तर कुठला आखूड पायाचा ते मलाच सांगता येईना. ओसमोनाली आला, येताना सुकवलेल्या जर्दाळूंची पिशवी घेऊन. बूट बघून खाली बसला. डोळे पुसले असावेत, किंवा शेगडीचा धूर.

मग वाद झालाच. तो म्हणाला, "उस्ताद, एक सांगा. ओतोर गुरं घेऊन पळाला म्हणता. थंडीचे दिवस, खिंडीत बर्फ. एकटा माणूस शेकडो गुरं हाकतो होय? मागून काठ्या घेऊन कोण चाललं असेल?"

"कोण?"

"बायका. पोरं. म्हातारे. गुरांनी बर्फ तुडवून वाट केल्याशिवाय पोरं त्या खिंडीतून जातील कशी? एकाने खिंड अडवली, एकाने पोरं काढली. दोघांनी मिळून ठरवलं असेल. पण गाणाऱ्याला एकच वीर परवडतो."

मी म्हटलं, "आणि तेर्स-सूकडे बाइतुर खादाड होता म्हणतात, ते कुठे येतं गोष्टीत?"

तो एकदम गोरामोरा झाला. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ते... ते पण कुणाला तरी बूट चावूनच आलं असेल." मी बूट चावल्याचं याला कधी सांगितलं? सांगितलं नव्हतं. बाकी कोणाला ठाऊक? फक्त सालकिनला! ही बाई याच्याशी कधी बोलली? विचारलं तर म्हणते, "गिऱ्हाइकाला चहा नेऊन देते, तेव्हा तोंड काय शिवून ठेवू?"

जाताना तो बूट कोटाच्या आत धरून गेला, बाहेर पाऊस नव्हता तरी.

१८ मार्च

मेरिमचा फोन नाही. तालमीत पाय ओढला, सगळे हसले. मला तेवढी मजा आली नाही. वय झालं असेल.

२० मार्च

मेरिमचा आईला निरोप. ते येणार आहेत. "बाबांना सांग, मी त्यांना आता काही म्हणणार नाही. एर्मेक म्हणाला, येऊच दे, बघूच दे. ते करतील ते करू देत." मला वाटलं, चला, जिंकलो. सालकिनने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. नाक मळून ओल्या फडक्यात ठेवलं आहे.

२१ मार्च, नौरूझ, संध्याकाळ

हे आजच लिहायला हवं.

सकाळी अकराला भवन खचाखच. मी पडद्याच्या भोकातून पाहुणे बघत होतो. पहिल्या रांगेत झूराबाईंनी पाहुण्यांना बसवलं होतं. माझी नजर धंद्यामुळे आधी पायांकडे जाते. भरतकाम केलेले बायकांचे बूट, रबरी जोडे, चिखल... आणि मध्येच माझे बूट. कोणी काहीही म्हणो, आपला टाका माणूस डोळे मिटून ओळखतो. मी नजर वर नेली. बुटांत पंचविशीचा एक तरुण, पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले. त्याच्या एका बाजूला ओसमोनाली. दुसऱ्या बाजूला माझी मेरिम.

सगळं एकदम समजलं. बाप रे, तीन आठवडे मी जावयाचे बूट शिवत होतो आणि त्याच्यासमोर पाय ओढायला कंबर कसत होतो! आणि पोरीने शब्द दिला होता. एर्मेकला वाटलं असणार, सासऱ्याने आधी माणूस बघावा, पाय नंतर.

तेवढ्यात माझी पाळी आली. कणकेचं नाक मी काढून खिशात घातलं. काठी हातात होती. मंचावर गेलो. पोरं बाकांवर उभी राहिली, "आला रे आला, लंगडा आला!" पहिल्या रांगेतल्या त्या तरुणाने मान खाली घातली नाही. तो सरळ माझ्याकडे बघत होता. मेरिम मात्र खाली बघत होती.

मी काठी मंचाच्या कडेला ठेवली आणि सरळ चालत बाइतुरसमोर गेलो. दोन्ही पायांनी, जसा दुकानातून घरी जातो तसा.

हशा अर्ध्यावर थांबला. कोणीतरी मागून ओरडलं, "अहो, लंगडा ना!" झूराबाई विंगेतून डोळे वटारत होत्या. माझं वाक्य आहे, "मी चाललो, भाऊ. तू उभा राहा." तीस वर्षं मी ते पिपाणीसारख्या आवाजात म्हणत आलो, आणि त्यावर सगळ्यात मोठा हशा येतो. आज साध्या आवाजात म्हटलं. भावाला म्हणावं तसं. म्हणताना मला माझा मोठा भाऊ आठवला, जो गेला, आणि ज्याला मी असं काहीच म्हणू शकलो नव्हतो.

बाइतुरने यावर 'चालता हो, भ्याडा' म्हणायचं. मास्तर माझ्याकडे बघतच राहिला. ते वाक्य असं ऐकल्यावर 'भ्याडा' त्याच्या तोंडून निघेना. गडबडला, घाम फुटला, ओठ हलले, आणि खिंडीकडे पाठ करून तो जोरात ओरडला,

"जा! पोरं मोजून ने!"

मी म्हटलं, "मोजून नेतो." आणि निघालो. कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेत ओसमोनाली तोंडावर टोपी धरून हमसून हमसून रडत होता, आणि मागच्या रांगांत आमच्या ताश-केपेच्या म्हाताऱ्याही रडत होत्या, ओतोरसाठी! मग बाइतुर पडला तेव्हा दुप्पट रडल्या.

विंगेत झूराबाईंनी मला दंडाला धरलं. "बेइशेनदादा, पोरं कुठून आली? संहितेत एकही पोर नाही!" मी म्हटलं, "होती, झूराबाई. आपल्याला मोजता आली नाहीत."

मग मेजवानी. लांब गालिचे अंथरलेले. म्हातारा कासिम, गावातला सगळ्यात वडीलधारा, हाडं वाटत होता. आजच्या नाटकाने तोही गोंधळला होता, पण रीत ती रीत. मास्तरला कमरेचं हाड. व्याही म्हणून ओसमोनालीलाही कमरेचं. माझ्याकडे आला, जरा थबकला, आणि नळी ठेवली. सालकिनचा चेहरा पडला.

ओसमोनालीने आपलं ताट उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझं आपल्याकडे ओढलं.

"अहो व्याही, हे काय?" मी म्हटलं.

"आमच्या तेर्स-सूमध्ये कमरेचं हाड ओतोरला देतात," तो म्हणाला. "आणि नळी बाइतुरला. वीस वर्षं मीच चोखतोय. मला सवय आहे."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. "तुम्ही? बाइतुर? तो खादाड?"

"पोटाला उशी बांधून," त्याने मान खाली घातली. "आणि ढेकर मी स्वतः घातलाय, गोष्टीत नाही. पहिल्या प्रयोगाला जेवण जास्त झालं होतं."

मी एवढा हसलो की कासिमला वाटलं हाड अडकलं. पाठीत बुक्के मारले त्याने. ओसमोनाली म्हणाला, पुढच्या नौरूझला उशी काढणार. मी म्हटलं, थोडी ठेवा, बाइतुर माझाच पूर्वज आहे, आमच्या घरात पोट सगळ्यांनाच आहे. दुपारी त्याच्या बायकोने मेरिमच्या कानात चांदीची कानातली घातली. मेरिम माझ्याजवळ आली आणि तिने कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. माझी तीस वर्षांची कला गेली आणि मला तिची चुटपुटही लागली नाही.

२२ मार्च

सकाळी एर्मेक दुकानात आला, एकटा. डाव्या टाचेला जरा घासतंय म्हणाला. मी म्हटलं काढ. तो स्टुलावर बसला, बूट काढला. मी नमद्याचा एक पदर काढत होतो, खाली बघत, कारण वर बघायचं धैर्य नव्हतं.

शेवटी विचारलं, "तू आधी कधी पाहिलं होतंस का आमचं नाटक?"

"एकदा. नऊ वर्षांचा होतो. मामाबरोबर आलो होतो जत्रेला."

"मग?"

"काही नाही. परत जाताना रस्त्यात पोरं मागे लागली. सगळी माझ्यासारखी चालत होती. मला आधी वाटलं, यांचेही पाय मोडलेत. बरं वाटलं होतं थोडा वेळ." तो हसला, पण मला हसता आलं नाही.

पहिल्या पानावर मी काय लिहिलं आहे ते मला आठवलं. आठवडाभर खोऱ्यातली पोरं तसंच चालतात, कुठल्या नटाच्या नशिबी एवढं येतं. ते पान फाडणार होतो, मग राहू दिलं. मी हातातली आरी ठेवली आणि म्हटलं, "पोरा, मला माफ कर. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घ्यायला हवं होतं." तो गडबडला, "अहो बाबा, काय हे," म्हणाला. मला बाबा म्हणाला.

तेवढ्यात आतून मेरिमने चहाला हाक मारली. बूट माझ्या मांडीवर होता, म्हणून दुसराही काढून तो तसाच अनवाणी उठला आणि दुकानातून घरात गेला. आठ-दहा पावलं असतील. मी पहिल्यांदाच त्याची खरी चाल पाहिली.

तीस वर्षं मी चुकीचं करत होतो. मी पाय ओढायचो. खरा लंगडणारा माणूस पाय ओढत नाही. तो त्या पायाला घाई करतो, लवकर उचलतो, लवकर टेकवतो, कोणाच्या लक्षात यायच्या आत. दारात मेरिम उभी होती, तिला बघून त्याने ती घाई सोडली, आणि मग हवं तसं, हवं तेवढं लंगडत तो आत गेला.

बूट दहा मिनिटांत झाला होता. मी तो संध्याकाळपर्यंत परत दिला नाही.